कोरा कागद

कराड,
रविवार

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी नको तेवढा चढलो. तू "ठेवतो" म्हणालास आणि ठेवलासच. रात्री तुझ्या आईने ताट वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून लिहायला बसलो.

मित्राच्या कर्जाला तू जामीन राहिलास, त्याची बँकेची नोटीस 3 तारखेची आहे, आपल्या दारात आली 12 ला. नऊ दिवस पोस्टानेच खाल्ले. पैसे भरायचे साठ दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, हातात पडली तेव्हापासून नाही. आणि तो एजंट कोऱ्या कागदावर सही मागेल, ती देऊ नकोस. "मॅनेजर आपलाच माणूस, पन्नास हजारांत मिटवतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नकोस.

कालच नाना वकिलांकडे जाऊन आलो. माळाच्या वाटणीचा दावा त्यांनी कसा चालवला तुला माहीतच आहे. पण तेच म्हणाले, "गुरुजी, हे माझं काम नाही." सरफेसी म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा. त्याखालच्या प्रकरणात दिवाणी कोर्ट हात घालत नाही, डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि ते पुण्यातच आहे. तिथे रोज उभा राहणारा वकील गाठ. मंजुरीपत्र, जामीनपत्र, खातेउतारा सगळं घेऊन जा. फी किती आणि कशाकशाची, हे लिहून मागायला लाजू नकोस. मुदतीच्या आत लेखी हरकत गेली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. उद्या फ्लॅटचा ताबा घ्यायला आलेच, तर तिथून डीआरटीत जायला 45 दिवस असतात. तू म्हणतोस तसा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज फुकट होतो, खरं आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग 30 दिवस वाट. तोवर ही मुदत कोणी थांबवून धरत नाही.

पैशाची अडचण असेल तर सांग. फ्लॅट निम्मा सूनबाईच्या नावावर आहे. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. शिवाजीनगर कोर्टात चौकशी करा. त्यात कसला आलाय कमीपणा?

बघ, वर्गात शिरल्यासारखं झालं. माफ कर. तू बेचाळीस वर्षांचा आहेस.

"जामीन नुसता नावाला" असं तुला मित्राने सांगितलं. 1994 साली मलाही ड्रॉइंगच्या सरांनी हेच सांगितलं होतं. स्टाफरूममध्ये, सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून मी सही केली. पेनसुद्धा त्यांचंच. कर्जदाराइतकाच जामीनदार देणं लागतो हे 1872 च्या करार कायद्यात आहे, मला ते पगाराच्या पावतीवर कळलं. सव्वादोन वर्षं कपात. आईच्या पाटल्या तेव्हाच गेल्या. तुला सांगितलं होतं की लॉकरमध्ये आहेत.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली.

सूनबाईने जामीनपत्राचा फोटो पाठवला. खाली तुझी सही, रेघ आणि दोन टिंबं. चौथीत असताना माझ्या हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर तू ती गिरवत होतास, पान भरून. मी ओरडलो होतो. मग ते पान फाडून पाकिटात ठेवलं, बरीच वर्षं होतं. मित्र अडला म्हणून तू उभा राहिलास याचा मला राग नाही रे. आई तर शेजारी सांगते, आमचा अनिकेत असाच आहे. फक्त आता त्या एजंटासमोर पेन काढू नकोस. स्टँपपेपर असो, चेक असो.

पुन्हा तेच लिहिलं.

मंगळवारी सकाळच्या एसटीने येतोय. स्वारगेटला येऊ नकोस, रिक्षाने येईन. नोटिशीचा लखोटा बरोबर आणतो. आईने तो सुरीने कापलाय, शिक्क्याची तारीख शाबूत आहे.

तुझे,
बाबा