कामगंधाचा सापळा कपाशीच्या शेतात ठीक आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत देहगंध आणि आकर्षण या विषयावरचा लेख नुकताच वाचला. लेख वाचनीय होता, यात शंका नाही. परंतु माणसाच्या घामात फेरोमोन, म्हणजे गंधातून पोहोचणारा रासायनिक निरोप, असते, ते भिन्नलिंगी व्यक्तीला तिच्या नकळत ओढून घेते आणि आता ते अत्तराच्या बाटलीतही मिळते, ही तीन विधाने लेखात अशी एकापाठोपाठ आली आहेत, की तिन्ही सारखीच सिद्ध आहेत असे वाचकाला वाटावे. त्यांतले पहिले अजून सिद्ध व्हायचे आहे, दुसरे पहिल्याच्या आधाराने उभे आहे आणि तिसरे हा निव्वळ धंदा आहे. मी शास्त्रज्ञ नाही. मात्र ठाण्यात मुलाकडे राहायला येण्यापूर्वी माझी सारी नोकरी कृषी खात्यात, तीही बहुतेक कपाशीच्या पट्ट्यात झाली आणि फेरोमोन ही वस्तू मी अक्षरशः हाताळलेली आहे, म्हणून हे पत्र.

शेतकरी फेरोमोनला 'कामगंध' म्हणतो. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे असतात. पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा उंच असा सापळा काठीला बांधायचा आणि त्यात मादी पतंगाच्या गंधाची, बोटाच्या पेराएवढी रबरी गोळी अडकवायची. तिला सगळे 'ल्यूर'च म्हणतात. गोळी लावणाऱ्याच्या हाताला कांदा, लसूण, तंबाखू यांचा वास नसावा, हे आम्ही प्रत्येक बैठकीत बजावत असू आणि तरीही कोणीतरी तंबाखू मळलेल्या हातानेच ती लावून मोकळा होई. दुसऱ्या दिवशी सकाळी सापळ्याची पिशवी उघडली की आत त्या अळीचेच करड्या-तपकिरी रंगाचे बारीक पतंग मिळत, सगळेच्या सगळे नर. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ आली असे समजायचे. याच गोळीकडे अमेरिकन बोंडअळीचा नर मात्र शेजारच्या ओळीत असला तरी फिरकत नाही, त्याची गोळी वेगळी असते. ज्याला संदेश धाडला आहे त्यालाच तो पोहोचतो, आणि पोहोचला की पतंगाला निघावेच लागते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की 'फेरोमोन' हा शब्द सैलपणे वापरलेला मला खटकतो.

या शब्दाचा जन्म १९५९ सालचा. कार्लसन आणि ल्यूशर या दोघांनी तो घडवला आणि त्याच वर्षी बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रेशमाच्या पतंगाच्या मादीचा कामगंध वेगळा काढल्याचे जाहीर केले. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या, वीसेक वर्षे गेली आणि हाती आले ते काही मिलिग्रॅम द्रव्य. बुटेनांट तेवढ्यावर थांबला नाही. द्रव्याची रचना ठरवून तेच द्रव्य प्रयोगशाळेत तयार करता येते आणि निसर्गात असते तेवढ्या अत्यल्प मात्रेतही त्याने नर पंख फडफडवू लागतो, हेही दाखवून झाले. आजही फेरोमोन म्हणवून घेणाऱ्या कोणत्याही द्रव्याला याच कसोटीला उतरावे लागते. आणि ही कसोटी केवळ किड्यांसाठी नाही. आशियाई हत्तीण माजावर आली की तिच्या मूत्रात एक विशिष्ट रेणू येतो, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. गंमत अशी, की शंभरावर जातींच्या पतंगांच्या कामगंधातही तोच रेणू एक घटक म्हणून असतो.

माणसाच्या बाबतीत असे काय झाले? १९९१ मध्ये पॅरिसला एक परिषद भरली, तिला फेरोमोनचा व्यापार करू पाहणाऱ्या एका कंपनीचे अर्थसाहाय्य होते. पुरुषांच्या घामाशी संबंधित अँड्रोस्टाडायनोन आणि गर्भवतीच्या मूत्रातील एस्ट्राटेट्राएनॉल हे दोन रेणू त्या परिषदेत मानवी फेरोमोन म्हणून पुढे आले. ते कसे शोधले आणि हेच दोन का निवडले, याचा तपशील मात्र कोठे मांडला गेला नाही. पुढे वर्षानुवर्षे अनेक प्रयोगशाळांनी, नावे ठरलीच आहेत असे मानून, त्यांच्यावरच प्रयोग केले. ऑक्सफर्डच्या ट्रिस्ट्रॅम वायट यांनी २०१५ मध्ये या साऱ्या काळाला वाया गेलेली दशके म्हटले आणि पुन्हा मुळापासून सुरुवात करायला सांगितले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात या दोन्ही रेणूंची परीक्षा झाली, तेव्हा ते हुंगल्याने समोरचा चेहरा अधिक आकर्षक वाटतो असे काही आढळले नाही. फेरोमोन टिपणारे वेगळे इंद्रिय नाकात असते, असेही जाहिरातींत सांगतात. ते उंदरात आहे, सापात आहे. माणसाच्या नाकात त्याचा अवशेष सापडतो, पण तो मेंदूशी जोडलेला नाही आणि त्याला लागणारे एक महत्त्वाचे जनुकही आपल्यात निकामी झालेले आहे.

बाजारातल्या बाटल्यांत आणखी एक नाव हमखास आढळते, अँड्रोस्टेनोन. हा नर डुकराच्या लाळेतला रेणू आहे. माजावर आलेल्या डुकरिणीला याचा वास दिला की ती पाठ ताठ करून स्थिर उभी राहते. कृत्रिम रेतनापूर्वी ती माजावर आहे की नाही हे पाहण्यासाठी वराहपालक याचा फवारा वापरतात. अर्थात त्यांच्या दृष्टीने तो पूर्णपणे उपयोगी आहे. माणसांत मात्र काहींना हा वास येतच नाही, काहींना तो चंदनासारखा गोडसर वाटतो आणि बऱ्याच जणांना शिळ्या मूत्रासारखा. कोणाला कसा वाटेल हे बव्हंशी वास ओळखणाऱ्या एका जनुकावर अवलंबून असते. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या भरल्या डब्यात हे अत्तर लावून उभे राहिल्यास निकाल काय लागेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

लेखातील टी-शर्टचा प्रयोग खरा आहे. १९९५ मध्ये बर्न येथे क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ तरुणांना दोन रात्री तोच सुती शर्ट घालायला लावला आणि ४९ तरुणींना ते शर्ट हुंगायला दिले. ज्याची प्रतिकारशक्तीची जनुके आपल्यापेक्षा वेगळी आहेत, त्याचा वास तरुणींना सरासरीने अधिक बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींत कल उलटा दिसला. प्रयोग देखणा होता, परंतु त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून एकसारखे उत्तर आलेले नाही. शिवाय हा फेरोमोनचा पुरावाच नव्हे, कारण फेरोमोन त्या जातीतल्या सर्वांचे सारखेच असते आणि येथे तर प्रत्येकाचा वास निराळा, हाच मुद्दा आहे. या प्रयोगाचा धागा पकडून सगोत्र विवाह टाळणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे विज्ञान ठाऊक होते, असा निष्कर्ष लेखकाने काढला आहे, तो तर मुळीच पटत नाही. गोत्र बापाकडून येते, ही जनुके मात्र आई आणि बाप दोघांकडून येतात. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेथे तरी हा युक्तिवाद करू नये.

माझ्या मते या सगळ्या गोंधळात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. 'कामगंध' हा शब्द सापळ्यापुरता चोख आहे, पण फेरोमोन म्हणजे कामवासनेचाच गंध असा समज त्यातून रूढ झाला. प्रत्यक्षात फेरोमोन म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांमधला रासायनिक निरोप, मग तो कशाबद्दलही असो. ओट्यावरच्या मुंग्यांच्या रांगेवरून ओले बोट फिरवावे. बोट फिरले तेवढ्या जागेशी येऊन मुंग्या थबकतात आणि वाट शोधू लागतात, कारण वाटेवरचा गंध पुसला गेलेला असतो. एक मधमाशी डसली की त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि इतर माश्या त्याच जागी तुटून पडतात. यांत काम कोठे आहे?

हा समज बाजूला ठेवून पाहिले, तर माणसातही एक जागा अशी दिसते जिथे खरा फेरोमोन सापडण्याची आशा धरता येईल. ती जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळात बारीक ग्रंथी असतात आणि अंगावर पाजण्याच्या काळात त्यांतून स्राव पाझरतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात तीन दिवसांच्या अर्भकांच्या नाकाशी हा स्राव धरला, तेव्हा ती तोंड वळवून ओठांनी चोखण्याची हालचाल करू लागली. आणि हा स्राव त्यांच्या स्वतःच्या आईचा नव्हता. म्हणजे कोणत्याही आईचा निरोप कोणत्याही बाळाला कळतो, हे फेरोमोनच्या व्याख्येला बरेच जवळ जाणारे आहे. त्यातला नेमका रेणू अजून वेगळा काढलेला नाही, म्हणून नाव देण्याची घाई येथेही नको. स्वतःच्या आईचा वास ओळखणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तीही बाळ आठवड्याच्या आत शिकते. माझ्या धाकट्या मुलीला पाळण्यात झोप लागत नसे, तेव्हा तिची आजी सुनेचे अंगावरचे, न धुतलेले लुगडे चौघडी करून तिच्या उशाशी ठेवी. आम्ही तेव्हा त्याला बायकांचे काहीतरी म्हणून हसत असू.

आता बाटलीविषयी. माझा नातू नवी मुंबईत शिकतो आणि रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने जातो. गेल्या मे महिन्यात गर्दीत कोणीतरी त्याच्याकडे पाहून नाकाला रुमाल लावला. हे त्याने घरात कोणालाही सांगितले नाही. चौदाशे नव्व्याण्णव रुपयांची 'फेरोमोनयुक्त' बाटली घरपोच आली, तेव्हा ते कळले. वेष्टणावर आकर्षण किती पटींनी वाढेल याचा आकडा होता, पण आत कोणता रेणू आहे आणि किती आहे, याविषयी अक्षर नव्हते. मी विक्रेत्याला लिहून विचारले. उत्पादन नैसर्गिक असून सूत्र गोपनीय आहे, असे एका ओळीचे उत्तर आले. मला चीड आली ती पैशांपेक्षा या गोष्टीची, की एकोणीस वर्षांच्या मुलाला वाटलेली लाज हेच या मालाचे गिऱ्हाईक आहे.

त्याच्या अडचणीचा उलगडा साधा होता. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत वयात येताना जाग्या होणाऱ्या वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांचा स्निग्ध स्राव त्वचेवरचे जीवाणू फोडतात आणि त्यातून तो आंबूस, कांद्यासारखा दर्प निर्माण होतो. ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे जीवाणूंचे फावते. आणि पॉलिएस्टर कापडात हा दर्प सुती कापडापेक्षा अधिक मुरून राहतो. नातवाचे सगळे टी-शर्ट पॉलिएस्टरचे, तेही आदल्या दिवशीचे खुंटीवरून काढून पुन्हा घातलेले. मी त्याला जांभळी नाक्यावरून तुरटीचा खडा आणून दिला, आंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवायला सांगितले आणि दोन सुती सदरे घेऊन दिले. तुरटी हे अॅल्युमिनियमचेच क्षार आहे, घाम रोखणाऱ्या महागड्या कांड्यांतही अॅल्युमिनियमचेच क्षार असतात. कोरिया, चीन, जपान येथील बहुसंख्य लोकांच्या काखेला हा दर्प फारसा नसतोच, कारण त्यांच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक आहे. त्याच फरकामुळे त्यांच्या कानातला मळही कोरडा असतो. दर्प येणे हा कोणाच्या संस्काराचा दोष नव्हे, हे नातवाला यावरून पटलेले दिसले. याउपरही वास अचानक बदलला किंवा आंघोळीनेही जात नसेल, तर अत्तरवाल्याकडे न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली आहे. परंतु जाहिरातीने केलेला दावा लेखातही तसाच छापून आला, तर वाचक तो वर्तमानपत्राच्या विश्वासावर घेतो, आणि त्यासाठी तक्रारीचा कोणताही क्रमांक नाही. म्हणून विनंती अशी, की त्या लेखातील मानवी फेरोमोनसंबंधीच्या विधानांची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी. आणि यापुढे असा मजकूर आल्यास लेखकाला निदान एवढे विचारावे, की रेणूचे नाव काय आणि तो निसर्गातल्या मात्रेत कोणी, कोणावर तपासला. कपाशीच्या गोळीबद्दल आम्हाला कोणीही शेतकरी हे विचारत असे आणि त्याचे उत्तर आमच्याकडे असे.

कळावे,
आपला एक वाचक
(निवृत्त कृषी अधिकारी)
नौपाडा, ठाणे (पश्चिम)