पर्यावरणाच्या पदव्युत्तरला सातबाराही शिकवा

महोदय,

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या अनेकांच्या वाट्याला सल्लागार कंपनीत बसून प्रकल्पांचे अहवाल लिहिण्याचे काम येते. खरे काम गावोगाव पडून आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंद, तयार करायची. ती कुणी भरायची? ग्रामसेवकाने?

रत्नागिरीचे कातळसडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारेच घ्या. मे महिन्यात नुसता तापलेला जांभा, सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी. भाद्रपदात त्याच कातळावर सीतेची आसवे आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. विद्यापीठात वनस्पती ओळखायला शिकवतात. सातबारा वाचणे, गुराख्याशी बोलणे, ग्रामसभेत उभे राहून मुद्दा मांडणे मात्र अभ्यासक्रमात क्वचितच असते. सड्याचे भवितव्य ठरते ते नेमके तिथेच.

डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था नामांकित खऱ्या, पण जागा मोजक्या. पुण्यात प्रकाश गोळे यांच्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवून दाखवला. आपल्या विद्यापीठांना ते जमू नये? एक पूर्ण सत्र एखाद्या ग्रामपंचायतीत काढायला लावावे आणि प्रबंधाऐवजी त्या गावची नोंदवही तपासून गुण द्यावेत. सरकारनेही तालुक्याला किमान एक परिसंस्था व्यवस्थापक पगारावर नेमावा. कंत्राटी नको, दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला सडा कधी कळायचा?

— एक वाचक, चिपळूण