हद्द फुगवून मोठेपण

अमेरिकेतील टेनेसी राज्यात मेम्फिस की नॅशव्हिल, थोरले शहर कोणते, हा वाद अजून धुमसतो आहे. 2020च्या जनगणनेत नॅशव्हिल 6 लाख 89 हजार, तर मेम्फिस 6 लाख 33 हजार. निकाल लागला म्हणावे, तर एक मेख आहे. नॅशव्हिलने 1963 मध्ये अख्खी डेव्हिडसन काउंटी, म्हणजे भोवतालचा जिल्हाच, पोटात घेतली. आज त्याचे क्षेत्रफळ मेम्फिसच्या दीडपटीहून अधिक आहे. शेते, टेकड्या सगळे हिशेबात! अर्थात, अलीकडची वाढ खरीच आहे. मेम्फिसची लोकसंख्या मात्र 2010 पेक्षा घटली.

ईर्षा किती? 1997 मध्ये ह्यूस्टनहून नॅशव्हिलला निघालेला ऑयलर्स फुटबॉल संघ तिथले मैदान तयार होईपर्यंत मेम्फिसमध्ये खेळत होता. ‘शेजाऱ्याच्या संघासाठी आम्ही का पैसे मोजायचे?’ म्हणून मेम्फिसकरांनी पाठ फिरवली. दोन हंगामांचा बेत एकातच गुंडाळावा लागला.

आपल्याकडे 2021 मध्ये 23 गावे घेऊन क्षेत्रफळात मुंबईला मागे टाकल्याचा आनंद पुणे महापालिकेला झाला होता. त्या गावांत टँकर अजून येतातच.

— एक वाचक, पुणे