त्या रात्री आईंच्या मागे बसलेल्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. संगमेश्वरहून रत्नागिरीला मध्यरात्री नेलेल्या आजी तुम्हाला आठवत असतील. मी त्यांची सून.

आईंचं वय ८२. हृदयाचं पंपिंग ३० टक्के. पाणी उतरायच्या गोळीमुळे रात्रीत दोन-तीनदा उठावं लागतं, तशाच उठल्या आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर पडल्या.

लवकर येईल म्हणून आम्ही आधी एक खासगी गाडी बोलावली होती. त्या दोघांनी आईंना उचलून स्ट्रेचरवर सरळ आडवं टाकलं. त्या दोन वर्षं तीन उशांवर झोपतात, आडवं केलं की श्वासच घेता येत नाही, हे मी ओरडून सांगत होते. आई कड धरून उठायला धडपडू लागल्या, तर एकजण म्हणाला, "म्हातारी ऐकतच नाही." ओटीवर परत ठेवून निघून गेले. माझा राग अजून गेलेला नाही.

मग १०८ ला फोन केला. ही गाडी २०१४ पासून आपल्याकडे धावते, पण तिच्यात डॉक्टर असतो हे मला त्या रात्री कळलं.

पाय आखूड झालेला, बाहेर वळलेला. खुबा मोडलाय हे तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. तरी पायाला हात लावायच्या आधी तुम्ही आईंच्या मागे जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "आजी, माझ्या अंगावर टेका. घाई नाही."

आई टेकल्या. तोंडाला ऑक्सिजन लागला तोही तशाच बसून. गाडी चालवणाऱ्या दादांनी गोधडीच्या घड्या करून पायाला आधार दिला, तोवर तुम्ही हललासुद्धा नाहीत. सगळं आठवतं, पण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं ते एवढंच: तुमच्या छातीवर विसावलेलं आईंचं डोकं आणि हळूहळू शांत होत गेलेला श्वास.

शेजारी सलाईन लावा म्हणून मागे लागले होते. पाय दाबून सूज बघितलीत आणि सांगितलंत, जास्तीचं पाणी यांच्या फुप्फुसात जाईल. कुणालाही कमी न लेखता सांगितलंत. अशी माणसं रात्रपाळीला जागी असतात म्हणून आमच्यासारख्यांची म्हातारी माणसं वाचतात. दादांनी महामार्गाच्या खड्ड्यांतून गाडी कशी सांभाळून नेली, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

ऑपरेशन झालं. आई आता वॉकर धरून ओटीपर्यंत येतात. त्या रात्री डोक्याला खोबरेल चोपडलेलं होतं, तुमच्या पांढऱ्या शर्टावर त्याचा मोठा डाग पडला होता. तो त्यांच्या मनातून जात नाही. कालही मला म्हणाल्या, "त्या पोराचा शर्ट मागून घ्यायला हवा होता गो, मी रिठ्याने धुऊन दिला असता."