ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमधील ऑसिलेशनबाबत तक्रार: ट्यूब बदलू नका, वायरिंग दुरुस्त करा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील गिटार ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमधील ऑसिलेशनचा (इनपुट नसतानाही अ‍ॅम्पने स्वतःच सिग्नल निर्माण करण्याचा) दोष मुळापासून दूर करून मिळणेबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा 50 वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प मी वापरतो. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा कंट्रोल) अर्ध्याच्या पुढे नेऊन ट्रेबल वाढवला की तो एकसुरी शिट्टी मारू लागतो. गिटारची केबल काढली तरी शिट्टी थांबत नाही. केबल काढल्यावर इनपुट जॅक आपोआप ग्राउंडला शॉर्ट होतो, म्हणजे गिटार, पिकअप किंवा केबल यांचा यात काहीही संबंध नाही. हे सगळे मी पहिल्याच तक्रारीत लिहिले होते.

आपल्या सर्व्हिस सेंटरने प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) 12एएक्स7 ट्यूब बदलून अ‍ॅम्प परत दिला. ट्यूब मायक्रोफोनिक असेल, म्हणजे आवाजाच्या कंपनांनी स्वतःच सिग्नल देत असेल, ही शंका सुरुवातीला रास्तच होती, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण नव्या ट्यूबवरही शिट्टी तशीच राहिली. पुढच्या खेपेला त्यांनी प्रीअ‍ॅम्पमधल्या एका ट्यूबच्या प्लेटवरून (वाढलेला सिग्नल बाहेर पडतो त्या टोकावरून) ग्राउंडला कपॅसिटर जोडून दिला. शिट्टी कमी झाली, पण तिच्याबरोबर वरचे सगळे स्वरही गेले. अ‍ॅम्पवर पांघरूण टाकल्यासारखा आवाज येऊ लागला. ही तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला अशी गत झाली. मी हरकत घेतली तेव्हा ‘हाय गेन अ‍ॅम्पमध्ये एवढे चालायचेच’ असे उत्तर मिळाले.

ते उत्तर मला मान्य नाही. आत 400 व्होल्टपेक्षा जास्त डीसी असते आणि बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून मी स्वतः अ‍ॅम्प उघडला नाही. ट्यूब अ‍ॅम्पचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडून तो माझ्यासमोर तपासून घेतला. त्यांनी स्पीकर काढून त्या जागी लोड रेझिस्टर लावला आणि ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिले. स्पीकरचा आवाजच नसताना ऑसिलेशन तसेच दिसत होते, त्यामुळे मायक्रोफोनिक ट्यूबचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा थोडा अंश मागे नेणारी) तार सोडवूनही फरक पडला नाही, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट जोडल्या गेल्याचीही शक्यता उरली नाही.

खरे कारण सापडले ते साध्या लाकडी काडीने. दुसऱ्या स्टेजच्या (सिग्नल वाढवणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या) प्लेटकडून टोन कंट्रोलकडे जाणारी तार आणि इनपुट जॅककडून पहिल्या ट्यूबच्या ग्रिडकडे (सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो त्या टोकाकडे) जाणारी तार आपण एकाच पट्ट्यात बांधली आहे. प्रत्येक स्टेज सिग्नल उलटा करते. दोन स्टेजनंतर तो पुन्हा मूळ फेजमध्ये येतो, पण कितीतरी पट मोठा होऊन. तो थोडासा जरी इनपुटवर झिरपला तरी चक्र सुरू होते. तंत्रज्ञांनी पट्टा कापून काडीने त्या तारा एकमेकींपासून दूर सारल्या आणि शिट्टी बंद झाली. काडी काढली की परत सुरू. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात ती ग्रिडची तार शील्डेडही (भोवती ग्राउंड केलेली जाळी असलेली) नाही, आणि 68 किलोओहमचा ग्रिड स्टॉपर (ऑसिलेशन रोखणारा रेझिस्टर) ट्यूबच्या पिनला लागून असायला हवा तो जॅकपाशी बसवला आहे. त्यापुढची सगळी तार उघडी पडते.

याहून गंभीर बाब पॉवर ट्यूबची, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ईएल34 ट्यूबची आहे. आपल्याच सर्किट आकृतीत ईएल34च्या दोन्ही कंट्रोल ग्रिडवर 5.6 किलोओहमचे स्टॉपर दाखवले आहेत. बोर्डावर त्यांची जागाही छापलेली आहे. प्रत्यक्षात तिथे तारेचे तुकडे सोल्डर केले आहेत! परिणामी गेन कमी असतानाही स्कोपवर 20 किलोहर्ट्झच्या कितीतरी वरचे ऑसिलेशन दिसले. ते कानाला ऐकू येत नाही. फक्त स्वर विरताना खरखर जाणवते. पण काहीही वाजत नसताना एका ट्यूबची प्लेट लालसर तापलेली दिसत होती. असे चालू राहिले तर ट्यूब जाईलच, आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. आकृतीत असलेला भाग बोर्डावर का नाही, याचा लेखी खुलासा मला हवा आहे.

तरी दोन्ही ग्रिड स्टॉपर बसवून, इनपुटची तार शील्डेड घालून आणि प्लेटच्या तारेपासून वेगळी नेऊन, पहिल्या ट्यूबचा स्टॉपर पिनवर आणून अ‍ॅम्प दुरुस्त करून द्यावा. नंतर जोडलेला कपॅसिटर काढावा आणि तापून गेलेल्या पॉवर ट्यूबची जोडी विनामूल्य बदलून द्यावी. परत देण्याआधी सर्व कंट्रोल पूर्ण वर नेऊन स्कोपवर तपासणी व्हावी आणि तिची नोंद मला मिळावी. आपल्या सेंटरने दोष नाकारल्यामुळेच अ‍ॅम्प बाहेर उघडावा लागला, म्हणून त्या कारणाने वॉरंटी रद्द धरू नये. याच बॅचच्या इतर अ‍ॅम्पमध्येही हे स्टॉपर गाळले असतील, तर त्या ग्राहकांना आपणहून कळवावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

तारांचे व बोर्डाचे फोटो, स्कोपची छायाचित्रे आणि खरेदीच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. अ‍ॅम्प कोणत्या पत्त्यावर आणि कोणाच्या नावे पाठवायचा, ते लेखी कळवावे. आधीच्याच सेंटरकडे तो पुन्हा देण्याची माझी तयारी नाही.

कळावे,
आपला ग्राहक