खान्देशच्या पाण्यात तगणारी झाडे सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिश टँकमध्ये खरी झाडे लावण्यावर लेख आला होता. फोटो फार देखणे होते. जपानच्या ताकाशी अमानो यांनी रुजवलेल्या पद्धतीची, पाण्याखालच्या डोंगर-कुरणांसारखी सजावट बघून माझ्याकडे फॉल-पिकोला साड्या आणणाऱ्या दोघींनी विचारलेही, "ताई, तुमच्या टाकीत असं का नाही करत?" पण लेखात पुढे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, खास दिवे, खतमाती, पाणी थंड ठेवणारे यंत्र अशी यादी होती. ती वाचून आपल्याकडचा माणूस खऱ्या झाडांचा नाद सोडतो आणि प्लॅस्टिकची आणून मोकळा होतो. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी अमळनेरला शिवणकाम करते. मुलाच्या हट्टापायी घेतलेली दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी नऊ वर्षांपासून मशीनशेजारी आहे. पन्नासेक लिटर पाणी, गप्पी आणि झेब्रा मासे, वर साधा एलईडी दिवा. एवढ्यावर झाडे उत्तम वाढतात, फक्त ती आपल्या पाण्याला मानवणारी हवीत.

हे कळायला मला चार मासे गमवावे लागले. एका दुकानातून 'पाण्यातलं झाड' म्हणून बांबूसारखी हिरवी कांडी आणली होती. तीन आठवड्यांत ती बुडापासून पिवळी पडली, हाताला बुळबुळीत लागू लागली, पाण्याला वास सुटला आणि चार गप्पी मेले. नंतर समजले की ती ड्रेसिना होती, लोक 'लकी बांबू' म्हणून कपबशीत ठेवतात तीच. तिची मुळे पाण्यात राहतात, पण अख्खे झाड बुडवले की कुजते. दुकानदाराने नाव सांगितले असते, तर मी कुणाला तरी विचारले असते.

आपल्याकडे दोन गोष्टी आधी बघायला हव्यात. बोअरचे पाणी जड, हंड्यावर पांढरा थर धरणारे. आणि मे महिन्यात दुपारी माझ्या टाकीतला थर्मामीटर ३३ अंशांवर जातो. या दोन्हीला पुरून उरलेले पहिले झाड म्हणजे व्हॅलिसनेरिया, लांब फितीसारख्या पानांचे. जड पाण्याचा तिला त्रास होत नाही. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून ती आपला कार्बन घेऊ शकते, मग सिलिंडर कशाला? लावताना मुळे वाळूत आणि पाने जिथून फुटतात तो गाभा वाळूच्या वर, एवढेच सांभाळायचे. गाभा दबला की झाड सडते. एकदा रुजली की आडवे धुमारे सोडते आणि त्यावर नवी रोपे येतात. मुलगा बारावीला असताना वनस्पतिशास्त्राचे पुस्तक घेऊन धावत आला होता, "आई, पाण्यावरून परागण होतं ते हे आपलं झाड!" मादी फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येते आणि नर फुले सुटून तरंगत तिच्यापर्यंत जातात.

अनुबियास आणि जावा फर्न ही आणखी दोन बिनत्रासाची झाडे. पण बहुतेक जण ती वाळूत खोचतात आणि झाडे तिथेच मरतात. त्यांचे आल्यासारखे आडवे खोड उघडेच राहायला हवे. मी ते काळ्या दगडाला सुती दोऱ्याने चार वेढे देऊन बांधते. पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही, वाढत्या खोडात रुततो. सुती दोरा काही आठवड्यांत गळून पडतो, तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. दगड नदीतून आणला तर त्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करील. आपला काळा पाषाण चालतो. जावा फर्नच्या जुन्या पानांच्या पाठीवर काळसर ठिपके आले, की रोग समजून मी पाने कापून टाकत असे. ते बीजाणूंचे पुंजके असतात. त्याच जुन्या पानांवर पुढे बोटभर पिल्ले फुटतात, मुळांसकट. मी किती कापली याचे आजही वाईट वाटते.

क्रिप्टोकोरिन लावले की सुरुवातीला सगळी पाने विरघळल्यासारखी झडतात. उपटू नका, मुळातून पुन्हा फुटते.

हायड्रिला सगळ्यांच्या ओळखीची, शाळेत नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे दाखवतात ती. झपाट्याने वाढते आणि माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया शोषून घेते. पण तिच्याबाबत एक सांगितलेच पाहिजे. 'झाडे आहेत म्हणजे ऑक्सिजन आहे, पंप नको' हा समज घातक आहे. झाडे उजेडात ऑक्सिजन सोडतात, अंधारात मात्र माशांसारखीच घेतात. त्यात पाणी जितके तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री अकराला वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. माझी टाकी हायड्रिलाने गच्च भरलेली. पाच वाजता उठले तर सगळे मासे पृष्ठभागाला तोंडे लावून होते. मी तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहिले, तरी पाच गेले. तेव्हापासून दर पंधरवड्याला मूठभर हायड्रिला काढते आणि बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवते. उन्हाळ्यात झाकण काढून जाळी ठेवते आणि पाण्यावरून छोटा पंखा फिरवते. माठ गार होतो तसेच दोन-तीन अंश उतरतात.

दिवा सात तास पुरतो. टाकीवर खिडकीतले ऊन येऊ देऊ नका, शेवाळ आवरत नाही.

काढलेली झाडे मी तुळशीच्या कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात टाकते. बोरी नदीत किंवा तलावात कुणीही टाकू नये, ही हात जोडून विनंती. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेसाठी जगभर नेली गेली आणि आज ती आपल्या नद्या झाकते आहे. दुकानातल्या झाडांपैकी कितीतरी अशीच परदेशी आहेत.

आपल्या पुरवणीने एकदा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या हवापाण्यात टिकणाऱ्या झाडांवर सविस्तर छापावे. आणि दुकानदार भावांनी प्रत्येक झाडावर नाव आणि 'वाळूत लावा' की 'दगडाला बांधा' एवढे दोन शब्द लिहिलेली चिठ्ठी लावावी. या आठवड्यात मी व्हॅलिसनेरियाची अकरा रोपे काढली आहेत, बादलीत ठेवली आहेत. आमच्या गल्लीतल्या बालवाडीत नवी टाकी आली आहे, शनिवारी ती तिथे लावायची आहेत.

आपली,
एक वाचक
अमळनेर, जि. जळगाव