फोनवरचं फिल्डवर्क

2 नोव्हेंबर 2020, पुणे

प्रिय पश्या,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले, सॉरी रे. फिल्डवर्क कसं चाललंय हे दोन ओळीत सांगता येईना म्हणून शेवटी हे पत्रच लिहायला बसले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी कोल्हापूरकडे बीडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळीबरोबर उसाच्या फडात होते, पुण्याला चार दिवसांसाठी म्हणून आले आणि 24 तारखेला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. माणसं तिकडे कोप्यांत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, अडकली नि मी इकडे. एप्रिलच्या मध्यावर सरकारने परत जायला परवानगी दिली तेव्हा सगळे बीडला पोचले, पण गावात लगेच घेतलंच नाही, 14 दिवस गावाबाहेर शेतात काढले त्यांनी, लेकराबाळांसकट. हे सगळं मी फोनवर ऐकलं, तिथे असायला हवं होतं मी.

डेबोरा लप्टन म्हणून ऑस्ट्रेलियात समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी मार्चमध्येच एक गुगल डॉक उघडलं होतं, कोविडमध्ये फिल्डवर्क कसं करायचं त्याच्या युक्त्या जगभरातल्या लोकांनी त्यात भरल्या. वाचून धीर आला खरंच. पण झूम, व्हिडिओ डायरी हे आमच्याकडे कसं जमणार? टोळीत 12 कोयते, म्हणजे 12 नवरा-बायकोच्या जोड्या, आणि स्मार्टफोन तीन, तिन्ही पुरुषांच्या खिशात.

मग कसं होतं सांगते. आधी नवऱ्याशी बोलायचं, मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) किती, पाऊस कसा वगैरे, मग तो म्हणणार "घे, पुण्याच्या मॅडम हायेत", आणि फोन स्पीकरवर. मी विचारते, ताई, रेकॉर्ड केलं तर चालेल ना? तर नवराच म्हणतो "चालतंय की". ही संमती कोणाची धरायची? मी अशी चार रेकॉर्डिंग डिलीट केली, गाइड नाराज झाले, तरी मला तेच बरोबर वाटतं. फडात मोळी ट्रकवर चढवून आली की बाई कमरेला हात लावून दोन मिनिटं उभी राहते, त्यावरूनच मला पुढचा प्रश्न सुचायचा. फोनवर फक्त "बरंय की" ऐकू येतं.

गर्भपिशवीचा प्रश्न तर मी काढूनच टाकला. गेल्या वर्षी सरकारी पाहणीत बीडमधल्या 13 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं पुढे आलं, माझा निम्मा अभ्यास त्यावर होता. पण पलीकडे सासू ऐकतेय की मुकादम हे कळायला मार्ग नाही, आणि फोन ठेवल्यावर तिला काय भोगावं लागेल ते मला दिसणार नाही.

आणि मग जुलैमध्ये एकदा संध्याकाळी मिस कॉल. एक वहिनी, फडात मला भाकरी करून घालायची ती. शेळ्या घेऊन माळावर आली होती, तिथे रेंज येते, आणि फोन पोराचा, ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. म्हणाली, "आता इच्चारा काय इच्चारायचं ते, हितं कुणी न्हाई." मी काही विचारलंच नाही रे, तीच बोलत राहिली, मधेच शेळीला हाकलायची, वारा असा की अर्धे शब्द जायचे, चाळीस मिनिटं. पिशवीचंही तिनेच काढलं. तेव्हापासून वेळ तीच ठरवते, मिस कॉल आला की मी हातातलं टाकून कॉल बॅक करते. फोनला रिचार्ज मी मारते, त्याला मोबदला म्हणायचं का यावर कमिटीत वाद झाला, पण पोराची शाळा पण त्याच फोनवर आहे, मी बंद करणार नाही.

काल पुन्हा तिचा कॉल आला. नव्या हंगामाला निघाले होते, ट्रकमध्ये सामान चढत होतं, मागे पातेल्यांचा आवाज, पोरगं रडत होतं. म्हणाली, "कारखान्यावर या की आता."

जायचं ठरवलंय. पण पुण्यातून थेट कोप्यांत शिरायचं नाही, आजार मी घेऊन गेले तर काय करायचं. तुझ्या आत्याची इचलकरंजीची वरची खोली रिकामी आहे ना अजून? 14 दिवस वेगळं राहायला मिळेल का ते विचारून कळव, भाडं देईन, जेवण माझं मी करेन.

तुझी,
मनी